जपानमधली भुतं, काप्पा, कोल्हे आणि मीठ : तुमचे अनुभव इथे लिहा

ओबोन म्हणजे जपानी पितृपक्ष. तो जवळ आला की जपानमध्ये दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. घरोघरी पूर्वज येऊन जातात, आणि टीव्हीपासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळीकडे भुताच्या गोष्टी रंगतात. आपल्याकडे भूत म्हटलं की अमावास्या आणि चिंचेचं झाड. इथे भुतांचा मोसम ऐन उकाड्यात. अंगावर काटा आला की तेवढंच गार वाटतं, असं लोक सरळ सांगतात. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) मंडळी रात्री जमून शंभर वाती लावायची आणि एक गोष्ट संपली की एक वात विझवायची. शंभरावी विझली की खरंच कोणीतरी हजर होतं अशी समजूत, म्हणून शहाणी माणसं नव्व्याण्णवावर थांबत.

आपणही तसंच करू. जपानमध्ये राहणारे, राहून आलेले, पुण्यात जपानी शिकता शिकता तिकडे फेरी मारून आलेले, सगळ्यांनी लिहा. अटी दोनच. सिनेमातली भुतं नकोत, स्वतः पाहिलेलं किंवा तोंडून ऐकलेलं लिहा. आणि ‘हे सगळं थोतांड आहे’ हा वाद इथे घालू नका, त्याला वेगळा धागा काढा.

मला स्वतःला एक कोडं पडलंय. माझ्या ऑफिसात कुणालाही विचारा, ‘भुतंखेतं मानता का?’ हसून नाही म्हणतील. पण आमची नवी इमारत उभी राहायच्या आधी शिंतो पुजारी आला, चार बाजूंना बांबू रोवून दोरी बांधली, आणि संचालकसाहेबांनी हेल्मेट घालून वाळूच्या ढिगात कुदळ मारली. न मानता इतकं सगळं कसं करतात ही माणसं?

ओतेमाची, टोकियो. बँकेच्या आयटीत

मी काम करतो तो भाग देशातल्या सर्वांत महाग जागांपैकी. वर काचेचे मनोरे, खाली भुयारी रेल्वेच्या पाच मार्गिका, आणि मधोमध एका मुंडक्याची समाधी. ताइरा नो मासाकादो नावाच्या योद्ध्याने दहाव्या शतकात कांतो प्रांतात बंड केलं, स्वतःला नवा सम्राट म्हणवून घेतलं आणि 940 मध्ये मारला गेला. डोकं क्योतोला नेऊन टांगलं, तर ते म्हणे तिथून उडून आपल्या मुलखाकडे निघालं. पडलं ते इथे.

1923 च्या भूकंपात अर्थखात्याची इमारत जळाली. त्या लोकांनी समाधीची जागा सपाट करून वर तात्पुरतं कार्यालय बांधलं. पुढच्या काही वर्षांत खुद्द अर्थमंत्री हायामी सेइजी वारले, पाठोपाठ खात्यातले आणखी काही अधिकारी गेले. शेवटी बांधकाम काढून रीतसर शांत करावी लागली. अर्थखात्याने, बरं का! युद्धानंतर अमेरिकन सैन्याचा बुलडोझर तिथे उलटला असं सांगतात. तेव्हापासून त्या तुकड्याला कुणी हात लावत नाही. 2021 मध्ये नूतनीकरण झालं, आता दगडी, स्वच्छ, थोडी रुक्ष दिसते. त्याआधी तिथे बेडकांचे पुतळे असायचे; परदेशी बदली झालेले लोक सुखरूप परत यावं म्हणून ठेवून जायचे.

आमचा मॅनेजर एक्सेलच्या बाहेर कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस. मी रुजू झालो त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो मला तिथे घेऊन गेला. हातातला कॉफीचा कॅन कठड्यावर ठेवला, हात जोडले, चांगला कमरेत वाकला. मी विचारलं, ‘तुम्ही मानता हे?’ म्हणाला, ‘छे. पण शेजारी आहेत. नवीन माणसाची ओळख करून दिलेली बरी.’

घ्या तुमच्या कोड्याचं उत्तर.

योकोहामा

छोटंसं. मुलगी झाली त्या हॉस्पिटलात चार नंबरची खोली नव्हती, नऊचीही नव्हती. चारचा उच्चार मृत्यूसारखा, नऊचा हालअपेष्टांसारखा. सासरे पुण्याहून आलेले. 203 च्या शेजारी 205 बघून त्यांनी नर्सला मराठीत विचारलं, ‘मधली खोली खाल्ली की काय?’ गाडी घेतली तेव्हा कळलं की शेवटी 42 किंवा 49 असलेल्या नंबरप्लेट मुळात वाटपातच नसतात. आणि हॉस्पिटलात कुणाला भेटायला जाताना कुंडीतलं झाड कधी नेऊ नका. मुळं धरलेलं झाड म्हणजे पेशंटने अंथरूण धरणं.

किचिजोजी, टोकियो

इनोकाशिरा उद्यानातल्या तळ्यात जोडप्याने नाव चालवली की त्यांचं मोडतं, हे अख्ख्या टोकियोला माहीत आहे. कारण काठावर बेंझाइतेनचं देऊळ आहे आणि तिला मत्सर वाटतो. ही बेंझाइतेन म्हणजे दुसरीतिसरी कुणी नाही, आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे इथे आली. वीणेच्या जागी बिवा नावाचं तंतुवाद्य हातात आलं, पाण्याशी नातं मात्र राहिलं. शाळेत आम्ही पाटीवर जिचं चित्र काढून पूजा केली ती जोडपी फोडत फिरते, हे माझ्या काही पचनी पडेना. त्यामुळे मी हट्टाने हंसाच्या आकाराच्या पायडल बोटीत बसले. सोबतचा गृहस्थ नाशिकचा, तोही तयार झाला. बाजूच्या बोटीत कॉलेजच्या पोरी होत्या, आमच्याकडे बघून कुजबुजल्या.

लग्न झालं, टिकलंय. सरस्वतीने गाववाले म्हणून सोडलं असावं.

नागानो. सासर इथलंच

मी साताऱ्याची. नवरा जपानी, सासर डोंगरातल्या खेड्यात. मुलगी परक्या रीतिरिवाजांत जाणार म्हणून आईला घोर लागला होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई माझ्यावर ओरडल्या, ‘रात्रीची नखं काढू नकोस!’ आईला फोनवर सांगितलं, तर तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, ‘चांगलं घर दिसतंय.’

इथे कारण वेगळं देतात. रात्री नखं काढणाऱ्याला आईवडिलांची शेवटची भेट होत नाही. शीळ घातली तर साप येतो, हे मात्र माझ्या आजीचं जसंच्या तसं. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, कारण बुद्धाचं महानिर्वाण तसं झालं आणि प्रेत तसं ठेवतात. शववाहिनी दिसली की दोन्ही अंगठे मुठीत लपवायचे. अंगठा म्हणजे आईबाप, त्यांना जपायचं. माझा मुलगा बालवाडीच्या सहलीला गेला होता तेव्हा रस्त्यात एक काळी गाडी गेली आणि बसमधल्या झाडून सगळ्या पोरांनी मुठी आवळल्या, असं बाईंनी हसत सांगितलं. मुलींच्या सणाला मांडलेल्या हिना बाहुल्या 3 मार्चनंतर लगेच आवरल्या नाहीत तर मुलीचं लग्न लांबतं. मी म्हटलं, मग असू देत की पावसाळ्यापर्यंत. सासूबाईंना तो विनोद आवडला नाही.

सासरे गेले तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. तारीख ठरवताना आधी पंचांग पाहिलं. तोमोबिकी नावाचा दिवस मध्ये येत होता. त्या दिवशी अंत्यसंस्कार केला तर मेलेला माणूस जवळच्यांना ओढून नेतो म्हणतात. आमच्याकडची दहनशाळाच त्या दिवशी बंद असते, त्यामुळे मानण्या न मानण्याचा प्रश्नच आला नाही. दहनानंतर अस्थी एका सरकत्या लोखंडी टेबलावर आल्या, अजून धग होती. नातेवाईक दोघादोघांनी पुढे होऊन, एकेक हाड दोघांच्या चॉपस्टिकनी मिळून उचलायचं आणि कलशात ठेवायचं. पायांकडून सुरुवात, म्हणजे कलशात माणूस उभा राहतो. मानेतलं एक हाड शेवटी. ते बसलेल्या बुद्धासारखं दिसतं म्हणतात, आणि खरंच दिसतं. मी आणि जाऊबाईंनी गुडघ्याचं हाड उचललं. फार हलकं होतं. जेवताना एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास का देत नाहीत, हे त्यानंतर मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. भातात उभ्या रोवत नाहीत तेही त्यामुळेच, तसा भात मेलेल्याच्या उशाशी ठेवतात. घरी परत येताना प्रत्येकाला मिठाची पुडी मिळाली, उंबऱ्याबाहेर अंगावर शिंपडून मग आत.

नवरा इंजिनिअर. ‘मी काही मानत नाही’ वाला. बेचाळिसावं लागलं (जन्मल्याबरोबर एक धरतात, त्या हिशोबाने) तेव्हा गुपचूप देवळात जाऊन विधी करून आला. पुरुषाला 42 आणि बाईला 33 ही सगळ्यात वाईट वर्षं. आदलं आणि नंतरचंही जपून काढायचं. आपल्या साडेसातीला निदान अडीच अडीच वर्षांचा हिशोब आहे, इथे वयच अंगावर येतं.

आता ओबोन. पूर्वजांना आणायला काकडीचा घोडा आणि परत पाठवायला वांग्याची गाय करतात, काड्यांचे पाय लावून. येताना घोड्यावरून लवकर यावं, जाताना गाईवरून सावकाश, सामान लादून जावं. माझे वडील गेले त्या वर्षी मला विमानाचं तिकीट मिळालं नव्हतं, मी जाऊ शकले नाही. ऑगस्टमध्ये सासूबाईंनी ओट्यावर भाज्या काढल्या, त्यातली एक काकडी हातात घेऊन बघितली आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, ‘ही नको. तुझे बाबा भारतातून यायचेत. मोठी आण.’

निशी-कासाई, टोकियो

ताई, तुमचं वाचून थांबले होते थोडा वेळ. आता जरा हलकं.

आमची धाकटी जपानी शाळेत तिसरीत गेली आणि अचानक दिवसभर पाणी पिणं बंद केलं. खोदून विचारलं तर म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या बाथरूममध्ये हानाको-सान राहते. तिसऱ्या दारावर तीनदा टकटक करून ‘हानाको-सान, आहात का?’ विचारलं की आतून ‘हो’ येतं. बॉबकट, लाल स्कर्ट. देशभरातल्या शाळांत हीच हानाको, हेच तिसरं दार. बाईंना भेटले. मला वाटलं हसतील. त्यांनी वहीत नोंद केली आणि सांगितलं की काही दिवस मुली दोघी दोघींनी जातील. निघताना हळूच म्हणाल्या, ‘आमच्या वेळीही होती.’

शेजारच्या ओबासान (म्हणजे मावशी) साठीच्या आसपास आहेत. त्यांचं भूत वेगळं. 1979 मध्ये त्या शाळकरी होत्या तेव्हा तोंड फाटलेल्या बाईची देशभर हूल उठली. मास्क लावलेली बाई रस्त्यात गाठून विचारते, ‘मी सुंदर आहे का?’ हो म्हणालात तर मास्क काढते, तोंड कानापर्यंत चिरलेलं. त्या वर्षी मुलं घोळक्याने घरी जात, काही ठिकाणी शाळांनीच तसं सांगितलेलं. सुटकेचा उपाय म्हणजे ‘पोमेड, पोमेड, पोमेड’ असं ओरडायचं, तिला केसांच्या त्या मलमाचा वास सोसत नाही. नाहीतर साखरेच्या पाकाची गोळी फेकायची. ओबासान अजूनही पर्समध्ये गोळ्या ठेवतात, पण त्या खोकल्यासाठी असं त्यांचं म्हणणं आहे.

ओसाका. मूळ नागपूर

स्वस्त खोली पाहिजे असेल तर एजंटला ‘जिको बुक्केन’ विचारा, म्हणजे जिथे आत्महत्या, खून किंवा बरेच दिवस कुणाला न कळलेला मृत्यू झाला आहे अशी जागा. भाडं चांगलंच उतरलेलं असतं. हे सांगणं एजंटवर बंधनकारक असतं. किती काळ सांगायचं याबद्दल 2021 मध्ये सरकारी खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या. भाड्याच्या घरासाठी साधारण तीन वर्षं, आणि म्हातारपणाने सहज आलेलं मरण असेल तर सांगायची गरज नाही. कायदेशीर भाषेत याला ‘मानसिक दोष’ म्हणतात, गळक्या नळाच्या ओळीत. अशा घरांचा नकाशा दाखवणारी वेबसाइटही आहे, प्रत्येक घरावर ज्वाळेचं चित्र. रात्री उघडू नका, आपल्या गल्लीत किती ज्वाळा आहेत ते मोजत बसता.

मी घेतली बावा अशी खोली. नवी फरशी, नवा वॉलपेपर, स्टेशन पाच मिनिटांवर. काय झालं होतं ते एजंटने कागदावर लिहून दाखवलं, तोंडाने बोलला नाही. ऑफिसात सांगितलं तर सगळे ‘अरे वा, छान’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर जाड्या मिठाचं पाकीट आणि दोन पांढऱ्या बशा. दाराच्या दोन्ही बाजूंना मिठाचे छोटे सुळके करून ठेवायचे, ओलसर झाले की बदलायचे. ओसाकातल्या बऱ्याच हॉटेलांच्या दारात हे दिसतं, माझं इतकी वर्षं लक्ष गेलं नव्हतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, मीठ आहेच तर मोहरी घाल आणि स्वतःवरून उतरव.

दोन्ही केलं. भूत काही दिसलं नाही. वरचा मजलेवाला पहाटे वॉशिंग मशीन लावतो, त्याच्यावर मिठाचा परिणाम होत नाही.

मर्चंट नेव्ही. रत्नागिरी

कानमोन सामुद्रधुनीतून जहाज नेताना पायलट, म्हणजे वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, घ्यावा लागतो, प्रवाह जबर आहे आणि दिवसभरात दिशा बदलतो. त्याच पाण्यात 1185 मध्ये दान-नो-उराची लढाई झाली. ताइरा घराणं संपलं. बालसम्राट आंतोकुला कडेवर घेऊन आजीने समुद्रात उडी टाकली. तिथे मिळणाऱ्या खेकड्यांच्या पाठीवर रागावलेल्या माणसाचा चेहरा असतो. बुडालेले ताइरा योद्धे तेच, म्हणून कोळी ते जाळ्यातून सोडून देतात. खातही नाहीत, तसे ते लहान असतात आणि खाण्याजोगं फारसं काही नसतं, हेही खरं. मी शिमोनोसेकीला एक वाळवलेला पाहिला. भुवया, मिटलेले डोळे, दाबलेले ओठ, सगळं. आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर एवढे खेकडे धरले, असला चेहरा नाही बघितला.

आमचा पायलट पिकल्या केसांचा, गप्पिष्ट. त्याने फुना-युरेइची गोष्ट सांगितली. बुडून मेलेल्यांची भुतं होडीला धरून पळी मागतात. दिली की तिने पाणी भरभरून होडी बुडवतात. नाही दिली तर सोडत नाहीत. म्हणून जुने खलाशी बूड काढलेली पळी जवळ ठेवत. द्यायची खुशाल, बसा म्हणावं भरत. ही अक्कल मला फार आवडली. विचारलं, ‘तुमच्या बोटीत आहे का?’ तर म्हणाला, रडार आहे.

अकामा देवळात आंतोकुची पूजा होते आणि आवारात आंधळ्या होइचीची मूर्ती आहे. भुतांपासून वाचावा म्हणून अंगभर मंत्र लिहिले आणि कान राहून गेले, तो होइची. भुतांनी कानच नेले.

क्योतो, भाषेचा विद्यार्थी

कोल्हे कुणीच कसे लिहिले नाहीत? फुशिमी इनारीला लाल कमानी बघायला सगळे जातात, कोल्ह्यांच्या तोंडाकडे फार कमी लोक बघतात. एकाच्या तोंडात किल्ली, एकाच्या भाताची लोंबी, कुणाच्या गुंडाळी, कुणाच्या मणी. किल्ली धान्याच्या कोठाराची. हे देवाचे निरोपे, यांना घाबरायचं नसतं. माणसाच्या अंगात येणारे आणि बाईचं रूप घेणारे ते वेगळे. ऊन असताना पाऊस आला की कोल्ह्याचं लग्न, हे घरमालकीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांना सांगितलं की आमच्या आजीचा कोल्हाही त्याच मुहूर्तावर लग्न करतो. त्यांनी तळलेल्या टोफूची पिशवी आणून दिली, कोल्ह्याला आवडते म्हणून. मीच खाल्ली.

तोनो, इवाते. सहकुटुंब

लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओंनी 1910 मध्ये इथल्या गोष्टी छापल्यापासून तोनो म्हणजे काप्पांचं गाव झालंय. काप्पा म्हणजे नदीतलं पोर. पाठीला कवच, डोक्यावर खोलगट बशी आणि बशीत पाणी. पाणी सांडलं की ताकद गेली. म्हणून काप्पा दिसला तर आधी कमरेत वाकून नमस्कार करायचा. तो शिष्टाचाराचा पक्का, उलट वाकतो आणि सांडतो.

जोकेनजी मंदिराच्या मागे ओढ्याचा एक डोह आहे, काप्पाबुची. पाणी घोट्याएवढं, झाडी दाट. काठावर बांबूच्या गळाला काकड्या बांधून ठेवलेल्या. गंमत म्हणजे काप्पा पकडायचं लायसन मिळतं, पर्यटन संघ देतो, मुदतीचं. मागे नियम छापलेत : जिवंत पकडावा, इजा करू नये, बशीतलं पाणी सांडू नये, धातूची साधनं वापरू नयेत, आमिष ताज्या भाजीचं. मुलाने फोटो चिकटवून लायसन घेतलं आणि अख्खी दुपार काकडी धरून बसला. शेजारी एक आजोबा, त्यांचंही लायसन. दोघे काहीही न बोलता.

मंदिराला एकदा आग लागली ती काप्पाने विझवली म्हणे, म्हणून तिथल्या दगडी रक्षक सिंहांच्या डोक्यालाही खळगा आहे. आत पाणी आणि चिल्लर. डोहाच्या काठाला छोटी देवळी आहे. तिथे लाल कापडाचे शिवलेले छोटे स्तन वाहिलेले; अंगावर दूध यावं म्हणून बायका वाहतात. तेवढ्या एका देवळीने माझं मन त्या गळाच्या गमतीतून उठलं. हा दुष्काळाचा मुलूख. थंड उन्हाळा आला की भात पिकायचा नाही. यानागितांनी उतरवून घेतलेल्या गोष्टींत काप्पाची म्हणून जन्मलेली पोरं आहेत, आणि त्यांचं पुढे काय केलं तेही. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचा, मुलांबरोबर असताना नको.

संध्याकाळी आजोबांनी आपली काकडी सोडून मुलाला दिली. त्याने तिथेच मीठ मागितलं.

सेंदाई

हे लिहावं की नाही ठरत नव्हतं. 2011 च्या त्सुनामीनंतर इशिनोमाकीच्या टॅक्सीचालकांनी सांगितलेले अनुभव तोहोकू गाकुइन विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने गोळा केले, ते 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. एकाला उन्हाळ्यात जाड कोट घातलेली बाई भेटली, मिनामिहामाला न्या म्हणाली. तो म्हणाला, तिकडे आता बहुतेक काही उरलेलं नाही, चालेल का? तिने विचारलं, ‘मी मेले का?’ मागे वळून बघितलं तर सीट रिकामी.

चालकांनी मीटर टाकलेला असायचा, त्यामुळे भाडं त्यांच्या खिशातून गेलं. घाबरलो असं कुणी म्हणालं नाही. पुन्हा भेटले तर पुन्हा नेऊ, असं म्हणाले.

मी इथल्या एका टॅक्सीत विचारलं होतं. चालक म्हणाला, ‘ऐकलंय.’ मग बराच वेळ बेसबॉलबद्दल बोलला. मी पुन्हा कुणाला विचारलं नाही, आणि इथे कुणी यावर किस्से मागू नयेत ही विनंती.

टोकियो, कपड्यांचं डिझाइन

8 फेब्रुवारीला असाकुसाच्या सेन्सोजी आवारात अवाशिमा मंदिरात जा. वर्षभरात मोडलेल्या, वाकड्या झालेल्या सुया आणून टोफूच्या मोठ्या लादीत टोचतात. आयुष्यभर कडक कापडातून गेल्या, आता मऊ काहीतरी मिळू दे. किमोनो घातलेल्या शिंपिणी, फॅशन कॉलेजच्या केस निळे केलेल्या पोरी, सगळ्या एका रांगेत. आम्ही वर्कशॉपमधून औद्योगिक मशीनच्या सुया नेतो, जाडजूड. त्या टोचताना टोफू फुटतो आणि मागच्या आजीबाई चुकचुकतात. वस्तू शंभर वर्षं वापरली की तिच्यात जीव येतो आणि टाकून दिली तर ती सूड घेते, ही जुनी धास्ती यामागे आहे. आमच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला लेथला हार घालायचे. इथे हार नाही, टोफू.

पुणे, आता ओकायामात प्रोजेक्टवर

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून केलं ती ओकायामाची. म्हणून गाव ओळखीचं वाटेल असं समजून आलो. स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा. पीच फळातून जन्मलेला, कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी घेऊन राक्षसांवर चालून जाणारा. गोष्टीचं मूळ इथल्या उरा नावाच्या राक्षसात आहे म्हणतात. राजपुत्र किबित्सुहिकोने त्याला मारलं, पण तोडलेलं डोकं ओरडायचं थांबेना. शेवटी किबित्सु देवळातल्या चुलीखाली पुरलं.

ती चूल आजही पेटते. काजळीने काळं झालेलं दालन, जमिनीवर बसायचं. पुजारी मंत्र म्हणतो, वयस्क बाई लोखंडी हंड्यावरच्या लाकडी भांड्यात तांदूळ हलवते. आणि हंडा घुमायला लागतो. शिट्टी नाही, उकळणं नाही. खालच्या पट्टीतला, जमिनीतून बसल्या जागी चढणारा आवाज. मोठा आला तर शकुन चांगला. तो मोठा होता की नाही हे पुजारी सांगत नाही, ज्याचं त्याने ठरवायचं. मी प्रोजेक्टच्या डेडलाइनबद्दल विचारलं होतं. माझ्या मते बऱ्यापैकी मोठा आला. क्लायंटच्या मते नाही.

उन्हाळ्यात इथे ‘उराज्या’ नावाचा उत्सव असतो, गाव तोंडाला राक्षसाचे रंग फासून रस्त्यावर नाचतं. जिंकलेल्याचा पुतळा स्टेशनवर आणि नाच हरलेल्याच्या नावाने.

निशी-कासाई, पुन्हा

असाकुसाचा विषय निघालाच आहे तर, तिथे गणपतीचंही देऊळ आहे ना? नवस कडक असतो आणि फेडला नाही तर मागे लागतो, असं ओबासान म्हणाल्या. कुणी गेलंय का? दर्शन होतं का?

धागाकर्ता

मात्सुचियामा शोदेन. सेन्सोजीपासून चालत जाता येतं, छोट्या टेकाडावर. इथे त्याला शोतेन किंवा कांगितेन म्हणतात. मूर्ती गुप्त असते, दर्शन होत नाही. बहुतेक ठिकाणी मिठी मारलेली हत्तीमुखी जोडी असते. देवळात सगळीकडे दोन पायांचा मुळा आणि पैशाची थैली कोरलेली दिसेल. नवसाबद्दल ओबासान बोलल्या ते अगदी सर्रास ऐकायला मिळतं. आमच्या ऑफिसातला एक सेल्सवाला तिथे नियमाने जातो आणि आम्हाला बजावतो की अर्धवट मनाने जाऊ नका, तो देव हिशोब ठेवतो. तो स्वतः अर्थातच ‘काही मानत नाही’.

मोदक नेऊ नका, तिथे मुळा वाहतात. तो देवळातच विकत मिळतो, बाजारातून आणायची गरज नाही. 7 जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो, तेव्हा मुळा प्रसाद म्हणून वाटतात; रांग मोठी असते, लवकर जा. मोदकाची आठवण आलीच तर क्योतोत ‘कांकिदान’ मागा, तिळाच्या तेलात तळलेलं, पोटलीच्या आकाराचं. मोदकाशी त्याचं नातं आहे. दाताला जरा जपून.